रेषेच्या आत बोटभर

टेलरबाईंची कात्री चाळीस वर्षांत एकदाही रेषेच्या आत गेली नव्हती. उलट गिऱ्हाइकंच कुरकुरायची, की बाई आत दाब फार ठेवतात, निम्मं कापड शिवणीतच जातं. बाई म्हणायच्या, माणूस सुटतं, वाळतं, आत चार बोटं कापड असलं तर बिघडलं कुठे? अशा बाईंनी त्या सकाळी काउलिंगचा खालचा भाग खडूच्या रेषेच्या चांगला बोटभर आत कापला, आणि कापताना त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

काउलिंग म्हणजे विमानाच्या नाकावरचं, इंजिन आत घेणारं झाकण. विमान होतं त्यांच्या नवऱ्याचं. बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी खोक्यांतून सुटे भाग मागवले आणि घरामागच्या शेडमध्ये एक आख्खं विमान जुळवायला घेतलं, त्याला आता अकरा वर्षं होत आली होती. गल्लीनं त्यांचं नाव 'पायलट' ठेवून टाकलं. विमान कुठवर आलं, असं कुणी खवचटपणे विचारलं की ते म्हणत, आमच्या बसपेक्षा लवकरच येईल. पुढे चेष्टा करणारे थकले, पण पायलट थकले नाहीत. शेपूट झालं, पंख झाले, इंजिन चढलं. मधल्या काळात शिकाऊ विमानात धडे घेऊन त्यांनी उडवायचा परवानाही मिळवला. आता राहिलं होतं ते एवढं झाकण. ते बसलं की पुढच्या रविवारी विमान मैदानावर न्यायचं आणि पायलटनी एकट्यानं ते वर न्यायचं, हे ठरलेलं होतं.

बाईंना मात्र तो रविवार यायलाच नको होता. गेले चार महिने पायलट मधूनच 'जात' होते. पडत नव्हते, डोळे मिटत नव्हते. बोलता बोलता थांबायचे, नजर एका जागी खिळायची, आणि थोड्या वेळानं वाक्य जिथं सोडलं तिथून पुढे सुरू. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नसायचा. पहिल्यांदा बाईंना वाटलं, विचारात असतील. दुसऱ्यांदा त्यांच्या हातात ड्रिल चालू होतं. ते पत्र्यातून आरपार जाऊन खालच्या फळीत घुसलं तरी बोट बटणावर तसंच. बाईंनी धावत जाऊन भिंतीवरची वायर ओढली. भानावर आल्यावर पायलट म्हणाले, लाइट गेली वाटतं. बाई हो म्हणाल्या.

त्या एका 'हो'नं त्यांचा घात केला. एकदा गिळलेली गोष्ट परत तोंडावर येईना. एका रविवारासाठी ज्यानं अकरा वर्षं घासली, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि खरं म्हणजे या घरात अवघड गोष्टी बोलायची रीतच नव्हती. त्या कामातून कळवायच्या. बाई रुसल्या की नवऱ्याच्या शर्टाचं बटण कच्चं लावायच्या. ते तुटलं की पायलट बटण तळहातावर घेऊन मुकाट्यानं मशीनसमोर येऊन उभे राहायचे, आणि भांडण मिटायचं. इतकी वर्षं तेवढ्यावर संसार निभावला होता.

झाकणाच्या कामातही बाई आपणहूनच पडल्या. लोखंडात हयात गेलेल्या फिटरला ते फायबर काही दाद देईना. कडा जास्तीच्या, सरळ रेष औषधालाही नाही. मागे जुळवलं की पुढे नाकावरच्या पंख्यामागच्या थाळीला घासायचं, पुढे सोडवलं की मागे फट. बाई दोन दिवस दारातून बघत राहिल्या आणि मग त्यांना राहवेना. अहो, ही कॉलरची पट्टी आहे, हिला फूटपट्टी कसली लावता, असं म्हणून त्यांनी कागद घेतला, पेपर कटिंग काढलं, झाकण जागोजागी चिकटपट्टीनं कच्चं टाचलं आणि इंजिनामागच्या पोलादी भिंतीची कड खडूनं वर उतरवून घेतली. पायलटनी झाकण धरलं, बाईंनी छोट्या फिरत्या कटरनं कापलं, मग दोघांनी पॉलिशपेपरनं घासलं. वरचा भाग असा बसला, की पायलट फटीवरून बोट फिरवत विमानाभोवती दोनदा हिंडले. इतके खूश ते लग्नातही दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालचा भाग कापला तो असा, बोटभर आत. नवा भाग यायला चार महिने लागतात, हे त्यांनी आधीच गोडीगुलाबीनं विचारून ठेवलं होतं.

पायलटनी भाग उचलून जागेवर धरला. मागे बोटभर फट राहिली, आतली नळी सरळ दिसत होती. त्यांनी भाग हळूच खाली ठेवला आणि जमिनीवर पडलेली कापलेली पट्टी उचलली. खडूची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पट्टीवरच होती.

"तुझी कात्री चुकत नाही," ते म्हणाले. "काय सांगायचंय?"

बाई स्टुलावर बसल्या. "तुम्ही मधेच जाता. त्या दिवशी लाइट गेली नव्हती, मी वायर काढली होती."

"किती वेळ गेलो होतो?"

"मी आकडे मोजते. तेव्हा चाळीस झाले. आजवर सात वेळा झालंय, मी पाहिलं तेवढं."

उतरताना चाळीस आकड्यांत विमान कुठं जातं, हे पायलटना कुणी समजावायला नको होतं. ते पट्टी हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांचा आवाज चढला, एरवी कधी चढत नसे. म्हणाले, विमानाचं सोड, मी रोज स्कूटर चालवतो, समोर कुणाचं पोर आलं असतं म्हणजे? चार महिने त्याच स्कूटरवर बाई मागे बसल्या होत्या, जीव मुठीत धरून आणि तोंड मिटून. त्यांना स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. निदान वर्षभर एकदाही व्हायला नको, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. पायलटनी परवाना परत केला, स्कूटर विकली, आणि आठवडाभर शेडकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस आपणहून उठले. काम अर्धवट सोडायचं नाही म्हणाले. फायबर वाढवता येतं. काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनच्या चिकात भिजवून थरावर थर चढवायचे, वाळलं की घासायचं. कापड तू काप, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी पट्ट्या कापल्या, भरपूर दाब ठेवून. तीन आठवड्यांत झाकण असं बसलं, की जोड शोधून सापडेना.

दोन्ही भाग एकमेकांना धरून ठेवायला कडेनं लांब बिजागऱ्या होत्या, आणि त्यांतून ओवायच्या दोन तारा. पायलटनी त्या तारा काढून बाईंच्या हातात दिल्या.

"वर्ष व्हायच्या आत मी मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. आणि परत झालं तर आकडा सांगायचा. लाइट गेली म्हणायचं नाही."

बाईंनी तारा मशीनच्या ड्रॉवरमध्ये, टेपखाली ठेवल्या.

आठ महिने काही झालं नाही. आठव्या महिन्यानंतर बाईंनी नवऱ्याकडे चोरून बघणंसुद्धा सोडलं. मग एका सकाळी, वारा पूर्ण पडलेला, आभाळ स्वच्छ, पायलट मशीनसमोर येऊन उभे राहिले, बटण तुटल्यावर राहायचे तसेच. म्हणाले, इतके दिवस धड गेले, मी वर नेत नाही, नुसतं इंजिन सुरू करून शेडपासून फाटकापर्यंत नेतो, आवाज तरी ऐकू दे. बाईंनी मान वर केली. हा माणूस त्यांच्याकडे आयुष्यात असा काही मागायला आला नव्हता. ठरलेलं त्यांना आठवत होतं, तरी त्यांनी ड्रॉवर उघडला आणि टेपखालून तारा काढल्या.

"दे," पायलट हात पुढे करून म्हणाले, "झाकण लावतो आणि"

हात तसाच राहिला. बाईंचा पाय मशीनवरून उतरला. त्या मोजायला लागल्या. तीसपर्यंत त्यांना वाटलं, बोलतील. चाळीसला त्यांनी तारा मुठीत घट्ट धरल्या.

"लगेच परत काढतो," पायलट म्हणाले. मग त्यांना बाईंचा चेहरा दिसला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

लाइट गेली होती, हे शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आले.

"त्रेपन्न," त्या म्हणाल्या.

पायलटनी मान हलवली. बाईंची मूठ सोडवून त्यांनी दोन्ही तारा घेतल्या, टेपखाली नीट सरळ ठेवल्या, आणि ड्रॉवर स्वतःच्या हातानं बंद केला.