मुकुटावरचा क्रूस

खिडकीच्या कट्ट्यावरची बशी रिकामी होती. एसिरकेपनं ती उलटी करून पाहिली, भिंग उचलून त्याच्याखाली पाहिलं, पडदा झटकला, आणि मग सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. या घरात काहीही नाहीसं झालं की त्याचा माग तिथेच लागायचा.

आत त्याच्या थोरल्या भावाची बायको कुल्पाश चहाचे पेले विसळत होती. दिराचं नाव तोंडात आणायचं नाही ही त्यांच्यातली रीत. म्हणून लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं त्याला स्वतःच एक नाव ठेवलं होतं, आणि आता तराझ शहरातली त्यांची अर्धी गल्ली त्याला त्याच नावानं ओळखत होती.

"झेंगे, बशीतली नाणी कुठे आहेत?" त्यानं वहिनीला विचारलं.

"अहो भिंगवाले, ती चिल्लर होय? ती सकाळी शाशूत गेली. ताटात गोळ्या ढीगभर आणि पैसे चार. नातवाच्या पहिल्या पावलाला कंजूषपणा केला असता तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती."

एसिरकेपनं कपाळाला हात लावला. सकाळी त्याच्या नातवाचे पाय काळ्या-पांढऱ्या दोरीनं बांधले, गल्लीतल्या सगळ्यात चपळ बाईकडून ती दोरी कापून घेतली, आणि पोरगं दोन पावलं टाकून धपकन बसलं. त्याच क्षणी कुल्पाशनं शाशू म्हणून ताट भिरकावून गोळ्या आणि नाणी उधळली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे अंगणात ओणवे झाले होते. तेव्हा एसिरकेपही हसत उभा होता. शाशूत उचललेलं नाणं हे उचलणाऱ्याचं नशीब, ते परत मागत नाहीत. आपलं काय उधळलं जातंय याची त्याला तेव्हा गंधवार्ता नव्हती.

बशीतली बाकीची नाणी गेल्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. एक नाणं मात्र त्याचं नव्हतंच. ते उल्दाय आपांचं होतं.

उल्दाय आपा आदल्या दिवशी संध्याकाळी ते रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मल्यावर वडिलांचं तोंडही पाहिलेलं नाही. वडील युद्धावर गेले आणि सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढाच शब्द घरी आला. नंतर त्यांचा एक सोबती परतला, त्यानं हे नाणं उल्दायच्या आईच्या हातावर ठेवलं. ज्या गावाबाहेर ते पडले त्याच गावात सकाळी तंबाखू घेतल्यावर सुटे म्हणून मिळालेलं. देशाचं नाव त्या सोबत्याला सांगता येईना. मक्याची शेतं होती, एवढंच त्याला आठवत होतं. पुढे तोही गेला.

आता आपांचा नातू एरासिल लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवत होता. मालकानं त्याला निवडायला सांगितलं होतं, बुखारेस्टचा माल घेतोस की बुडापेस्टचा, निघण्याआधी कळव. आपांनी आपल्या आईच्या कबरीवरची माती पुरचुंडीत बांधून तयार ठेवली होती. ती तिकडे वडिलांच्या मातीत मिसळायची आणि तिकडची मूठभर इकडे आणायची. कुठल्या देशात, तेवढं एसिरकेपनं सांगायचं होतं.

आणि एसिरकेपला ते सांगता येणार होतं, याबद्दल त्याच्यासकट कुणालाच शंका नव्हती. रविवारच्या बाजारात तो चिनारांखाली बसायचा तेव्हा लोक त्याला गंमत म्हणून झिजलेली नाणी आणून द्यायचे. जुन्या सोविएत नाण्यावरच्या ओंब्यांभोवती फितीचे वेढे किती, यावरून तो साल सांगे. सिंहाची शेपटी कुठे वळली आहे, राणीच्या मानेखाली कोरणाऱ्याची अक्षरं आहेत की नाहीत, चंद्रकोरीची टोकं किती जवळ आली आहेत, एवढं त्याला पुरे. त्याचा स्वभाव मात्र या विद्येनं सुधारला नव्हता. समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं डोकं फिरायचं. आपांनी रुमाल सोडता सोडता "एसिरकेप, याच्यावर एक असं" म्हणून काही सुरू केलं, तर त्यानं हात वर केला.

"आपा, काही सांगू नका. नाणं माझ्याशी आपण होऊन बोलतं. माणसं बोलली की घोटाळा होतो."

आपांनी नाणं त्याच्या हातावर ठेवलं. नाणं जस्ताचं होतं, करडं, बोटाच्या पेराएवढं. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोनाचा आकडा. अक्षरं पार गेलेली. दर नौरूझच्या सणाला आपण ते चुलीतल्या राखेनं घासतो, असं आपांनी जरा अभिमानानंच सांगितलं, आणि एसिरकेपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाणं घासणाऱ्या माणसाला तो माणसात धरत नसे. तरी तो शांत राहिला, कारण उत्तर जवळजवळ हाताशी होतं. त्या काळात मुकुटाचं आणि दोनाच्या आकड्याचं जस्ताचं नाणं रुमानियानं पाडलं, तसं हंगेरीनंही. फरक एका बारीक गोष्टीत. रुमानियाच्या मुकुटावरचा क्रूस ताठ उभा असतो. हंगेरीच्या खऱ्या मुकुटावरचा क्रूस कधीतरी वाकला, तो त्यांनी तसाच राहू दिला आणि नाण्यावरही तसाच झुकलेला कोरला. संध्याकाळच्या उजेडात त्याच्या पाणावणाऱ्या डोळ्यांना एक ठिपका दिसत होता, त्याचा कल कळत नव्हता. सकाळच्या उन्हात बघू, म्हणून त्यानं ते बशीत ठेवलं.

आणि सकाळच्या उन्हात कुल्पाशनं ते उधळलं.

"एवढं मोलाचं होतं तर चिल्लरीत कशाला ठेवलंत?" ती म्हणाली. एसिरकेप टोपी घालून बाहेर पडला. आपांकडे जाऊन खरं सांगायचं त्याच्या अगदी जिवावर आलं. नाणं शोधू, क्रूस बघू, मग नाणं आणि उत्तर दोन्ही घेऊनच त्यांच्या दारात जाऊ, असं त्यानं ठरवलं.

पहिल्याच घरात त्याच्या नाकी नऊ आले. शाशूतलं नाणं परत मागायला आलाय हे कळताच घरमालकिणीचा चेहरा असा झाला की जणू तो पोराच्या तोंडातला घास मागत होता. परत नको, नुसतं बघायचंय, असं त्यानं शपथेवर सांगितल्यावर तिनं त्याला बसवलं, चहा दिला, आणि घरातली होती नव्हती ती सगळी नाणी पुढ्यात ओतली. त्यात शाशूतलं एकही नव्हतं. तिच्या सासऱ्याला फक्त आपल्या जुन्या रुबलचं काय येईल ते जाणून घ्यायचं होतं. काही येणार नाही, असं एसिरकेपनं सांगितलं तर म्हातारा रुसला.

दुसऱ्या घरात त्याला त्याचीच दोन नाणी दाखवण्यात आली, एक मंगोलियाचं आणि एक तुर्कस्तानचं, आणि ही सोन्याची आहेत का असं विचारण्यात आलं. तिसऱ्या घरातल्या माणसानं तर नवाच शहाणपणा सांगितला.

"आगा, क्रूस वाकडा असेल तर ते नाणं बिघडलेलं. बिघडलेल्याला जास्त किंमत असते, मी फोनवर पाहिलंय."

नाणं बिघडलेलं नाही, मुकुटच तसा आहे, हे एसिरकेपनं त्याला तीन तऱ्हांनी समजावलं. शेवटी त्या माणसानं मान हलवली आणि म्हणाला, म्हणजे मुकुट बिघडलेला. एसिरकेपनं त्याच्यापुढे हात टेकले. कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याच्या मागोमाग गल्लीत बातमी पसरली होती की भिंगवाल्याचं सोन्याचं नाणं हरवलंय आणि तो सगळ्यांच्या मुठी उघडून बघतोय.

नाणं सापडलं ते कलामकासकडे. लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात मूल नाही. कुठल्याही बाळाच्या समारंभाला ती सगळ्यांच्या मागे उभी राहायची आणि सगळ्यांच्या आधी वाकायची. एसिरकेपनं वर्णन सांगताच ती खाली बघू लागली.

"आहे माझ्याकडे. पण दाखवता येणार नाही, आगा."

"मी नेत नाही ते. नुसतं एकदा बघतो."

"शिवलंय मी उशीत. घरी आल्या आल्या शिवलं. टाका उसवला की यरिम मोडतो, तुम्हाला काय सांगायचं. दुसरं काहीही मागा."

यरिम, शकुन. एसिरकेपच्या जिभेवर बरंच काही आलं. तिनं मात्र उशी पोटाशी घट्ट धरली होती, आणि ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. बोटांनी कापडावरून चाचपून बघू का, असं विचारायचा मोह त्यानं आवरला. लोकरीच्या दोन थरांतून त्याला घोड्याचा नालसुद्धा ओळखता आला नसता. तो उठला. स्वतःवर, कुल्पाशवर, राखेवर, सगळ्या मुकुटांवर तो इतका वैतागला होता की उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचला.

आता उल्दाय आपांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आपांनी चहा ओतला. त्यांच्या शेजारी पाटावर ती मातीची पुरचुंडी होती. एसिरकेपनं त्या पुरचुंडीकडे न बघता सगळं सांगितलं, बशीपासून उशीपर्यंत. आपलं चुकलं, असंही म्हणाला, जे तो सहसा म्हणत नसे.

"म्हणजे तू शाशूतलं परत मागत घरोघर फिरलास," त्या म्हणाल्या. "या वयात. लाज नाही वाटली?"

"आपा, ते तुमच्या वडिलांचं होतं."

"होतं. आता त्या पोरीचं आहे. राहू दे. माझ्याजवळ होतं तोवर त्यानं कुणाला आणलं नाही, तिला तरी आणून दे म्हणावं." त्यांनी पेला त्याच्याकडे सरकवला. "पण तुला बघायचं काय होतं त्यात?"

"मुकुटावर एक बारीक क्रूस असतो. तो ताठ होता की झुकलेला, तेवढंच. ताठ असेल तर रुमानिया, झुकलेला असेल तर हंगेरी. आता ते कळायचा मार्ग नाही."

आपांनी पेला खाली ठेवला. मग तळवा उभा धरून हळूच एका बाजूला कलता केला.

"असा होता."

एसिरकेप त्यांच्या हाताकडे बघत राहिला. "तुम्हाला माहीत होतं? मग काल का नाही बोललात?"

"बोलत होते. तू म्हणालास, आपा, काही सांगू नका."

एवढी गल्ली पालथी घातली, एवढ्या लोकांचा राग ओढवला, आणि उत्तर इथे चहा गाळत बसलं होतं. राग काढायला आता एकच माणूस उरला होता, आणि तो स्वतः होता.

"नक्की ना, आपा? उद्या पोरगा निघेल."

"मी विसरेन होय? तो क्रूस आहे हेच मला आत्ता कळतंय. मला वाटायचं काडी आहे, वडिलांच्या खिशात दबून वाकली. लहानपणी मी नखानं ती सरळ करायला बघायचे. आई हातावर फटके द्यायची, झिजेल म्हणून. पण माझ्या डोक्यात बसलं होतं की सरळ झाली की ते येतील." त्यांचा अंगठा अजूनही तर्जनीवर घासत होता, त्यांच्या ते लक्षात नव्हतं. "राखेनं घासत होते ते काय चमकवायला? आई गेल्यावर मला कोण अडवणार होतं."

एसिरकेपनं एरासिलला फोन लावून दिला. आपांनी बुडापेस्ट हे नाव दोनदा सांगितलं, बुखारेस्ट नव्हे असंही बजावलं, आणि फोन ठेवून पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली.

"बरं झालं माझ्या नखात जोर नव्हता," त्या म्हणाल्या. "ती काडी सरळ झाली असती, तर तू माझ्या आईला रुमानियाला पाठवलं असतंस."