नावाला काना ना मात्रा

ज्यूंच्या देशातल्या गिव्हातायिम शहरात लोक लिफ्टमध्ये भेटल्या भेटल्या तुमचा पगार विचारतात, घराचं भाडं विचारतात, लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल का नाही तेही विचारतात. पोटातल्या बाळाचं नाव मात्र कुणी विचारायचं नसतं. योम किप्पूरच्या कडक उपासाच्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर सायकली उडवणारी, सिनेगॉगची पायरी लग्नातसुद्धा न चढलेली माणसं बाळ जन्मायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. मानत नाही हो आम्ही काही, पण उगाच कशाला?

पनीनालाही हे माहीत होतं. तरी ती आपल्या गरोदर लेकीला विचारायची. कारण तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागायला ही शेवटची संधी होती.

मागच्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. कागदोपत्री आणि जगाला तो आर्ये. पण जन्मला तेव्हा तो लेइब होता, आणि ती होती पेर्ल. लेइब म्हणजे सिंह, पेर्ल म्हणजे मोती. पोलंडहून नव्या देशात आल्यावर कुणी तरी उत्साही शिक्षकाने दोघांची जुनी नावं कोट काढावा तशी काढून घेतली आणि त्याच अर्थाची नवी हिब्रू नावं अंगावर चढवली. दोघांनी आनंदाने चढवून घेतली. जुन्या नावांना ओल्या गल्ल्यांचा, दाढ्यांचा, भीतीचा वास यायचा. पण स्वयंपाकघराचं दार लोटलं की ती त्याला लेइब म्हणायची आणि तो तिला पेर्ल. आता तिला पेर्ल म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि लेइब म्हणून हाक मारावी तर ओ देणारं कुणी नव्हतं. हे तिला फार लागलं होतं. गेलेल्याचं नाव नातवंडाला द्यायचं, एवढी एक चाल तिच्या माहेरी देव सोडल्यावरही सुटली नव्हती.

"आई, मुलगी आहे," एनात म्हणाली. एनात तिची एकुलती एक लेक. सातवा महिना, पाय सुजलेले, डोकं तापलेलं.

"मग लविया ठेवा. सिंहीण. अर्थ तोच राहील."

"सिंहीण! उद्या बालवाडीत कुणाला चावली तर बाई काय म्हणतील? आणि बाबांनी स्वतःच टाकलं होतं ना ते नाव? त्यांना नको होतं ते माझ्या पोरीच्या डोक्यावर कशाला?"

यावर पनीना जास्तच चिडली.

जावयाची तर नावाबद्दल नियमावलीच होती. एरेझ एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि कंपनीचे साहेब बॉस्टनला. तिकडे गेला की त्याला सगळे 'इरेझर' म्हणायचे. त्याची चुलतबहीण मोरान लंडनच्या विमानतळावर उतरली, तर पासपोर्ट बघणाऱ्या माणसाने ते 'मोरॉन', म्हणजे मठ्ठ, असं वाचलं आणि त्याला हसू आवरेना. या दोन जखमा घेऊन एरेझ बाप व्हायला निघाला होता. नाव आखूड हवं. त्यात घसा खरवडणारं एकही अक्षर नको, गोऱ्यांना ते जमत नाही. राजा नको, संदेष्टा नको, बायबलातली कुणी मावशी नको. मुलाला चालेल आणि मुलीलाही चालेल असं हवं, आणि बिल्डिंगमध्ये दुसरं नको.

"मग उरलं काय?" पनीनाने विचारलं.

"निसर्ग," एरेझ गंभीरपणे म्हणाला.

निसर्ग तिला ठाऊक होता. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता तिने. संध्याकाळी बागेत बसलं की आया पोरांना हाका मारायच्या: दव, घसरगुंडीवरून उतर! लाट, त्याला ढकलू नकोस! समुद्र, शू लागली का? बदाम आणि क्षितिज वाळूत भांडत असायचे.

"ही हजेरी आहे की हवामानाचा अंदाज?" पनीना म्हणायची. "बाई वर्गात नावं घ्यायला लागल्या तर मुलं छत्री आणायला घरी पळतील."

"पनीना, तू फार जुनी आहेस गं," एरेझ म्हणायचा. तिकडे जावई सासूला नावानेच हाक मारतो आणि सासूही ओ देते; तिच्या नावात निदान घसा खरवडणारं काही नव्हतं.

त्यातच नईमा उभी राहिली. ही एरेझची आई, पनीनाची विहीण. बगदादहून आलेल्या घरातली, हाताने सढळ, तोंडानेही सढळ. तिच्याकडे चाल उलटी: नातवंडाला जिवंत आजीचं नाव द्यायचं, म्हणजे आजीला मान आणि बाळाला आयुष्य.

"नईमा ठेवा की," ती भरल्या वांग्यांची परात टेबलावर ठेवत म्हणाली. "मी काय उद्या मरतेय?"

"तेच तर!" पनीना किंचाळली. "तू जिवंत आहेस! जिवंत माणसाचं नाव बाळाला? यमदूत आला आणि त्याचा घोळ झाला तर?"

"तुमचा यमदूत पोलंडचा असेल, त्याचा होतो घोळ. आमच्याकडचा चेहरे ओळखतो."

एनातने दोघींना गप्प केलं. नईमाच्या गालाचा मुका घेऊन तिने वांगं तोंडात टाकलं, आणि आईला म्हणाली, "हे बघ, आम्ही ठरवलंय. बाबांच्या मानासाठी पहिलं अक्षर त्यांचं घेणार. ल. झालं समाधान?"

"अक्षर?"

"आजकाल सगळे असंच करतात. प्रेम लक्षात येतं आणि नाव ओझं होत नाही."

अख्ख्या माणसातून एक ल. त्या रात्री पनीनाने एकटीने चहा केला आणि कपात साखर ढवळताना ती मोठ्याने रडली. पण नाही म्हणायची सोय नव्हती. लेकीशी भांडून नात कुणाला मिळाली आहे?

नात झाली. गुबगुबीत, डोक्यावर काळंभोर जावळ, आणि आवाज थेट नईमाचा. महिनाभर तिला सगळे 'शेंगदाणा' म्हणत. मग याफोजवळच्या एका बागेत पार्टी ठरली. ना रब्बी, ना प्रार्थना. एका मैत्रिणीने गिटार वाजवली, एकीने पृथ्वीमातेबद्दल काही तरी लांबलचक वाचलं. एरेझने दोरी ओढली तसा पडदा सरकला आणि मागे चकाकणारे तीन भलेमोठे इंग्रजी अक्षरांचे फुगे दिसले.

"लिव!" एरेझ ओरडला. "नॉर्वेच्या भाषेत आयुष्य! आणि आपल्या भाषेतल्या 'लिबी'सारखं, म्हणजे 'माझं काळीज', असं ऐकू येतं. बॉस्टनला म्हणता येतं, ओस्लोला म्हणता येतं."

लोकांनी टाळ्या पिटल्या. "किती नाजूक!" एक मैत्रीण म्हणाली. "कुठल्याच देशाचं वाटत नाही!" हे तिथलं सगळ्यात मोठं कौतुक.

नईमा पनीनाच्या कानाला लागली. "नॉर्वेत आपलं कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"मग? सासर शोधतायत की काय आतापासून?"

पनीनाला हसू आलं नाही. लेइबच्या जागी फुगे आले होते, आणि त्यातल्या एकातली हवा आत्ताच जायला लागली होती. ती उठून केकच्या टेबलाकडे गेली. तोंड गोड केलं की निघायला मोकळी. केक नईमाने आपल्या गल्लीतल्या बेकरीतून आणला होता. त्यावर गुलाबी क्रीमने हिब्रूत नाव लिहिलं होतं.

आता तिकडची लिपी अशी की तिच्यात काना-मात्रा कुणी घालत नाही. नुसती अक्षरं उभी असतात, स्वर वाचणाऱ्याने आपल्या पदरचे घालायचे. त्यात ब आणि व यांचं काम एकच अक्षर भागवतं. लहान पोरांच्या पुस्तकात तेवढे खाली ठिपके देतात; मोठ्यांनी समजून घ्यायचं असतं. केकवर तीन अक्षरं होती. पनीनाने ती वाचली, आणि तिचा हात टेबलावर घट्ट टेकला. वाचलं तर लिव. पण तिच्या डोळ्यांनी ते तसं वाचलंच नाही. स्वयंपाकघरात त्याने ठेवलेल्या चिठ्ठ्यांच्या शेवटी, त्याने तिला लिहिलेल्या जुन्या पत्रांखाली, तीच तीन अक्षरं तिने आयुष्यभर लेइब अशी वाचली होती.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? त्या गर्दीत लेइब नावाचा माणूस कुणी बघितला होता? एनातसाठी तो बाबा, कागदावर आर्ये. एक अक्षर द्यायचं ठरवून पोरांनी सगळं नाव दिलं होतं, आणि देताना त्यांना पत्ताही नव्हता.

"काय झालं?" नईमाने विचारलं.

"केक छान आहे," पनीना म्हणाली. आणि ती गप्प बसली. सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी स्पेलिंग बदललं असतं. ती लबाडी होती, आणि त्या लबाडीने तिला कितीतरी महिन्यांनी जेवण गोड लागलं. तिने दोन तुकडे खाल्ले, आणि मधला, अक्षरांचा तुकडा कुणाला कापू दिला नाही.

नंतर लसीचा दिवस आला. एरेझने सुट्टी काढली, एनातने बाळाला मोहरीच्या रंगाचा अंगरखा घातला, कारण गुलाबी-निळ्याची भानगड त्यांना पटत नव्हती. पनीना पिशवी धरायला म्हणून सोबत गेली. दवाखान्याच्या बाकावर आया आणि पोरं दाटीवाटीने बसली होती. तिथली नर्स बने ब्राक या कर्मठ लोकांच्या गावची. म्हणजे रस्ता ओलांडला की पाच मिनिटांवर, पण काळे कोट, लांब बाह्या, आणि एकेका जिन्यात चार-चार लेइब.

दार उघडलं. नर्सने हातातल्या टॅबवर बघून पुढच्या बाळाचं नाव एरेझच्या आडनावासकट पुकारलं.

"लेइब शमाश!"

पनीना ताडकन उठली. बाळाकडे नाही, एरेझकडे नाही, ती बाहेरच्या दाराकडे वळून बघत राहिली.

बाकावर कुणी हललं नाही. "लेइब शमाश," नर्सने पुन्हा वाचलं, आणि तिची नजर मोहरीच्या अंगरख्यावर गेली. "हाच ना तो राजा? दृष्ट न लागो, सिंहच आहे. धर्माकडे वळलात वाटतं? छान, छान." ती आधीच्या बाळाचं वजन करायला आत गेली.

एरेझ पांढराफटक पडला. "लेइब? मुलगा? धर्माकडे?"

"लिव लिहिलंय ते," एनात म्हणाली. मग तिने स्वतःच मोबाइलमध्ये ती तीन अक्षरं काढली, आणि ओठ हलवून दोनदा वाचली. "अरे देवा."

"ऑफिसमध्ये काय सांगू? नॉर्वे म्हणून बाहेर पडलो आणि बने ब्राकला उतरलो? बदलायचं. आजच. शेवटी त्या ब-व च्या जागी 'वाव' हे अक्षर लावून टाकू, त्याचा ब होत नाही."

"वाव लावलं की त्याचा ऊ करून 'ल्यू' वाचतील. चिनी वाटेल," एनात म्हणाली. मग ती थांबली आणि आईकडे वळली. पनीना अजून उभीच होती. "आई. तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"केकपासून."

"आणि बोलली नाहीस? एवढं आमच्याशी भांडलीस, आणि मग तोंड दाबून मजा बघत बसलीस?"

"हो, बसले!" पनीना म्हणाली. बाकावरच्या आया ऐकत होत्या, ऐकू देत. "लबाडीच केली मी. बदला, मी अडवणार नाही. बाबांनी टाकलं होतं ते नाव, खरं आहे तुझं. जगासाठी टाकलं. माझ्यासाठी ठेवलं होतं. वर्ष होत आलं, ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आत्ता तिने हाक मारली ना, तर मी मूर्खासारखं दाराकडे बघितलं. मला वाटलं, तो गाडी लावून येतोय."

एरेझने मोबाइल खिशात घातला. बाळाने तेवढ्यात जांभई दिली, मोठी, नईमासारखी.

दार पुन्हा उघडलं. "लेइब शमाश! आत येताय, की पुढच्याला घेऊ?"

एनातने आईकडे पाहिलं. मग तिने बाळाला छातीशी धरलं आणि उठली.

"थांबा, पुढच्याला नको," ती म्हणाली. "लेइब आहे इथं."