एकतीस नंबरचा ब्रेक

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं एक लहान गाव, गावाबाहेर पत्र्याची लांबट शेड, आणि शेडीत नव्वद-शंभर वर्षांच्या सात ट्राम. त्यांच्यासाठी पगारी माणूस एकही नाही. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी पोस्टमन, कुणी नळ दुरुस्त करणारा. आठवडाभर ही मंडळी ग्रीस लावतात, पितळ घासतात आणि रविवारी लोकांना जुन्या खाणीपर्यंत फिरवून आणतात. तिकिटं मी फाडतो.

आता समजा, तुम्ही दहा वर्षांची हेटी आहात. ऑक्टोबरची सुट्टी लागली आहे, आणि तुमचे आजोबा विल्फ एक्केचाळीस वर्षं एकतीस नंबरची ट्राम चालवत आले आहेत.

त्या रविवारी एकतीस नंबर खाणीवरून परतली ती धूर काढतच. चाकांपाशी जळका वास येत होता. उतारूंना मध्येच उतरून चिखलातून चालत यावं लागलं. खाली वाकून पाहिलं, तर ब्रेकचे ठोकळे चाकांना सारखे घासत होते.

शेडप्रमुख नोराबाई लालबुंद झाल्या. "गुरुवारी मी स्वतः करंगळीच्या नखाएवढी फट ठेवली होती. कुणीतरी नट आवळलाय. महिन्यात तिसऱ्यांदा!"

"भूत असेल," मी म्हणालो.

"भुताला पाना लागत नाही. तू तिकिटं फाड."

तेव्हापासून शेडीतला चहा कडू झाला. भिंतीवरच्या खुंट्यांना प्रत्येकाचा नाव लिहिलेला मग टांगलेला असतो. बिननावाचा मग एकच होता, प्रॉसरचा. दोन महिन्यांपूर्वी तो समुद्रकाठच्या दुसऱ्या ट्रामवाल्यांशी भांडून आमच्याकडे आला होता.

"त्यांना आपली एकतीस कधीपासून हवीय," पोस्टमन कुजबुजला. "यालाच पाठवला असेल."

"त्यांच्याकडे ट्राम दोन आणि भांडणं बारा," नोराबाई म्हणाल्या.

प्रॉसर आत आला की बोलणं थांबायचं. त्याच्यासमोर कुणीतरी मुद्दाम पाने मोजायचं. हेटीनेही एक वही केली आणि ती त्याच्या मागे मागे फिरू लागली. 'प्रॉसर खाली वाकले. प्रॉसर शिट्टी वाजवतात. संशयास्पद.'

एकदा तो गर्रकन वळला. "काय गुप्तहेरबाई, आज किती गुन्हे?"

"अजून एकही नाही."

"मग मी चहा घेतो. तो गुन्ह्यात धरू नकोस."

गुरुवारी नोराबाईंनी ब्रेक पुन्हा नीट लावला. मग हेटीला ट्रामखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात बोलावलं आणि नट व बोल्ट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. "कुणी नट फिरवला की रेघ मोडणार. कुणाला सांगायचं नाही हं."

"आजोबांनासुद्धा?"

"कुणालाच म्हणजे कुणालाच."

शुक्रवारी दुपारी आजोबा म्हणाले, "टोपी शेडीत राहिली वाटतं. चल, घेऊन येऊ." हेटीला गाडीत बसवून ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने टोपी घालून बाहेर आले. पण आत जाताना ती टोपी त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. हेटीने पाहिली होती.

"सापडली, आजोबा?"

"हो ना. कुठे जाणार?"

गाडीत बसल्यावर त्यांनी उजवा हात मांडीवरच ठेवला. डाव्या हाताच्या अंगठ्याला पांढरा डाग होता. शेडीतल्या गारठ्यात रंग पुरता वाळला नव्हता.

हेटीने वही उघडली. काहीच लिहिलं नाही.

रात्रभर तिच्या मनात एकेक गोष्ट जुळत गेली. हल्ली आई आजोबांच्या कोटाची बटणं लावून देत होती. किटली ते डाव्या हाताने धरत. ट्राम थांबवायची तर ब्रेकचा पितळी दांडा जोर लावून गरागरा फिरवावा लागतो. नट आवळून ठोकळे चाकांच्या जवळ आणून ठेवले, तर निम्म्या फिरवण्यात काम भागतं. आजोबांचा उजवा खांदा दुखतो हे कळलं, तर जानेवारीच्या तपासणीत डॉक्टर चालकाचा दाखला देणार नाहीत. आणि एकतीस नंबरशिवाय आजोबांचा रविवार कसा जाईल, हे हेटीला विचार करूनही दिसेना.

शनिवारी रेघ मोडलेली निघाली. चहाच्या टेबलाभोवती सगळे जमले. आल्याच्या केकला कुणी हात लावला नाही.

"प्रॉसर," नोराबाई म्हणाल्या, "शेडीची किल्ली तुमच्याकडे असते. ती इथे ठेवा."

"किल्ली विल्फकडेही असते."

"विल्फ? अहो, तुम्ही यायच्या चाळीस वर्षं आधीपासून तो ही ट्राम चालवतोय!"

प्रॉसरने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. "मी नटाला हात लावलेला नाही. पण जिथे माझ्यासमोर पाने मोजतात, तिथे मी किल्ली ठेवून तरी काय करू?" त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि खुंटीवरचा आपला मग काढून घेतला.

आजोबा आपल्या मगात पाहत होते. तोही डाव्या हातात होता.

मुलांनो, इथे जरा थांबा. आजोबांचं नाव घ्यावं, तर त्यांची ट्राम जाणार. गप्प बसावं, तर एक निर्दोष माणूस मान खाली घालून दाराबाहेर जाणार, आणि पुढच्या रविवारी पुन्हा धूर निघणार. तुम्ही काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका. हेटीनेही दिलं नाही. प्रॉसर दारापाशी पोचेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

मग ती उठली. टेबलावरची किल्ली घेऊन तिने ती प्रॉसरच्या मुठीत ठेवली आणि म्हणाली, "थांबा." आजोबांच्या उजव्या बाजूची खुर्ची ओढून ती त्यांना टेकून बसली, आपली वही त्यांच्यापुढे ठेवली आणि कोरं पान उघडलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा. मी लिहिते."