आठव्या मैलाचा दगड

छप्पन साल लागायला आलं होतं. बुऱ्हाणपूर कोणत्या राज्यात राहणार, यावर बुधवारा पेठेतली शहाणी माणसं रोज सकाळी चहाबरोबर भांडत होती. तापीकाठच्या केळीच्या बागेत राबणाऱ्या गोटूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सव्वीस जानेवारीला बुऱ्हाणपूरहून नेपानगरच्या कागद कारखान्यापर्यंत चौदा मैलांची दौड होती. पहिला येईल तो नागपूरच्या मोठ्या शर्यतीला जाणार होता, आणि गोटूला जायचं होतं.

तालीम त्यानं वैशाखातच सुरू केली होती. तेव्हा बरोबर लंगड्या असायचा. बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं हे कुत्रं गोटूनंच हळद लावून जगवलेलं. तीन पायांवर पळायचं, चौथा घासत न्यायचं. मागून आवाज ठरलेला: टप, टप, टप, खर्रर्र.

एके दिवशी आठव्या मैलाच्या दगडापाशी लंगड्या जीभ काढून बसला. गोटूला थांबायचं नव्हतं. "बस इथंच. येतांना घेतो तुले," म्हणाला आणि पुढे पळाला. नेपानगरात यादव भेटला, गावचाच, कारखान्यात लागलेला. त्यानं पोटभर जेऊ घातलं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली, स्वारी हरखली. लंगड्याची आठवण झाली ती बुऱ्हाणपूरच्या स्टेशनात. मग गोटूनं स्वतःची समजूत घातली: कुत्र्याची जात, वास काढत येईल घरी.

कुत्र्याची जात काय असते ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. एका गाडीवानानं सांगितलं, दगडापाशी लंगडं कुत्रं बसलंय. भाकर टाकली तर खात नाही, हाकललं तर हलत नाही. गोटू धावत गेला तेव्हा लंगड्या दगडाला टेकून गार पडला होता. तोंड नेपानगरच्या रस्त्याकडे होतं. गोटूनं त्याला तिथंच पुरलं.

पावसाळा सरला. गोटू पुन्हा त्या रस्त्याला लागला, आणि पहिल्याच सकाळी मागून आलं: टप, टप, टप, खर्रर्र. वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. आवाज रोज यायचा आणि आठव्या मैलाला थांबायचा. तिथून पुढे पाऊल टाकायची गोटूची छाती होत नव्हती. दगडाकडे न बघता तो चोरासारखा मागे फिरायचा. हाक मारावी म्हणायचा, पण कोणत्या तोंडानं मारणार?

त्याचं अन्न तुटलं. भगताचा अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. आई, रंभाबाई, एवढंच म्हणाली, "मले तर काही ऐकू येत नाही रे. पण तू त्याले बोलला होता ना, येतांना घेतो म्हणून?"

दौडीच्या दिवशी बावीस गडी सुटले. सातव्या मैलाला गोटूच्या पुढे कोणी नव्हतं, आणि मागे लंगड्याचा आवाज होता. आठव्याला आवाज थांबला. गोटूचे पाय मात्र थांबले नाहीत. तोंडातून तेच शब्द गेले: "येतांना घेतो." पुढचे सहा मैल तो रडतच पळाला, आणि पहिला आला.

गळ्यात हार पडला. दौड भरवणारे दिगंबर मास्तर त्याला ट्रककडे ओढू लागले. "चल, बस. पाच वाजता बुधवाऱ्यात बक्षीस आहे. हजर नसलास तर नागपूरला दुसऱ्याचं नाव जाईल, सांगून ठेवतो."

"मास्तर, मी पायी येतो."

"पायी? तळपाय बघ स्वतःचे! डोकं फिरलं का तुझं?"

"मागच्या वेळी गाडीनं गेलो होतो," गोटू म्हणाला. मास्तरांना काही उमजलं नाही. ट्रक गेला.

फोडांवरून लंगडत गोटू दगडापाशी पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गळ्यातला हार त्यानं दगडावर ठेवला. "चाल लंगड्या. उशीर झाला मले. घरी चाल."

तो निघाला. कान सगळे मागे. एक मैल झाला, दोन झाले. मागे काही नाही. बुऱ्हाणपूरच्या गिरणीचा पाचाचा भोंगा दुरून ऐकू आला. नागपूर हातचं गेलं. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोला. पण मागची शांतता त्याहून जड होती. एवढ्या उशिरानं कोण कुणाची वाट बघेल?

दिवेलागण उलटून गेल्यावर तो घरी आला. रंभाबाईनं त्याचे रक्ताळलेले पाय पाहिले. चतकोर भाकर तिनं उंबऱ्याशी ठेवली होती. ती ओलांडून गोटू आत आला आणि कडी लावायला वळला.

"कडी नको लावू," आई चुलीपासून म्हणाली. "त्याले वेळ लागते, ठाऊक आहे ना तुले."