कोंबडा, बैल आणि हेस्टरचा नवरा

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. माझ्यावर लाल बैल रंगवला होता. आता तो बैल की घूस, हे पाहणाऱ्याने ठरवावे. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर 'बैल' नावाच्या सराईच्या दारावर मी टांगलेली असे. शेजारीच 'कोंबडा' सराई.

मित्रांनो, घोडे बदलेपर्यंत प्रवासी बिअर पीत गप्पा ठोकत. कोंबड्यात सांगितलेल्या गोष्टीतला एक दरोडेखोर, तीच गोष्ट बैलात येईस्तोवर सात होई. म्हणून विश्वास न बसणाऱ्या बातांना लोक 'कोंबडा-बैलाची गोष्ट' म्हणू लागले. निदान आमच्या गावात तरी असेच सांगतात. मला त्याचा मोठा अभिमान होता.

एका दुपारी गाडीवान टोबायस आमच्या मोलकरणीला म्हणाला, "हेस्टर, तुझा जोनस जिवंत आहे गं! बहिणीकडे पोर्टस्मथला गेलो होतो, तिथल्या इस्पितळात पाहिला. एक पाय गेलाय, तापात तुझं नाव घेतोय. लवकर नीघ."

जोनस तिचा नवरा, खलाशी. लढाईत बुडाल्याची बातमी येऊन दोन वर्षे झाली होती. सगळे खो खो हसले.

मालक क्रिप्स म्हणाले, "टोब्या, गेल्या खेपेला तुझी गाडी डुकरानं हाकली होती ना? या बिचारीला तरी सोड!"

"कोंबडा-बैलाची गोष्ट!" कोणीतरी ओरडले.

टोबायसचा चेहरा उतरला. जन्मभर थापा मारल्या, आता खरे कोण मानणार? मला त्याची फार दया आली.

हेस्टर मात्र हसली नाही. त्याचा हात धरून तिने त्याला कोंबड्यात नेले. "इथंही सांग. सगळ्यांदेखत."

उघड्या खिडकीतून मला ऐकू येत होते. तोच ताप, तेच नाव, पायही एकच गेलेला.

"ही गोष्ट वाढली नाही," हेस्टर म्हणाली. "म्हणजे खरी आहे."

"गेलीस तर परत कामावर घेणार नाही!" क्रिप्स ओरडत राहिले. ती एप्रनसकट गाडीत चढली.

बाराव्या दिवशी ती एकटीच परतली. टोबायस खाली मान घालून उभा होता.

"चार दिवस मिळाले रे आम्हाला," ती म्हणाली. "शेवटी त्याचा हात माझ्याच हातात होता."

मित्रांनो, माझा रंग उडाला, त्याचे दुःख नाही. पण थापाड्याचेही बोलणे एकदा नीट ऐकून घ्या. त्या दुपारी हेस्टर हसली असती, तर जोनस तिला हाका मारतच गेला असता.