खाऱ्या विहिरीची गोष्ट

तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत चंद्रमती इंग्रजी शिकवायची. नीतिशिक्षणाचा तासही तिच्याच गळ्यात पडला होता. त्याचं पुस्तक मुली उघडतही नसत, म्हणून त्या वर्षी तिनं ते बाजूला ठेवलं आणि स्वतः रचलेली गोष्ट सांगायला घेतली.

कुठल्याशा देशातलं समुद्राकाठचं गाव. भाताची शेतं खणून तिथं कोळंबीची तळी केली जातात. कोळंबी बर्फात घालून श्रीमंत देशांत जाते आणि तळ्यांतलं खारं पाणी झिरपत गावच्या विहिरीत उतरतं. इथं चंद्रमती थांबली. पुढचं मुलींनी लिहून आणायचं होतं. देश तिनं मुद्दाम लांबचा घेतला होता. लांबच्या माणसांबद्दल मुली मोकळेपणी विचार करतील, असं तिला वाटलं.

मुलींनी तो केलाही. तळी विहिरींपासून दूर न्यावीत, मालकानं गावाला गोडं पाणी पुरवावं, खाणाऱ्यांनीच अशी कोळंबी घेऊ नये. बहुतेकींच्या गोष्टीत मालकाला शेवटी पश्चात्ताप होत होता. वाचताना चंद्रमतीला फार दिवसांनी शिकवल्याचं समाधान वाटलं.

श्रीलक्ष्मीनं मात्र काही लिहिलं नव्हतं. ती वेंकटरावांची मुलगी. वेंकटराव पापनाशमकडचे जमीनदार, शाळेच्या समितीवर होते. त्यांचं आणि चंद्रमतीचं, दोन्ही घरं मराठी, जुना घरोबा. त्यांनी निर्यातीचा धंदा काढलाय एवढंच चंद्रमतीच्या कानावर होतं. कसली निर्यात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

का लिहिलं नाहीस म्हटल्यावर श्रीलक्ष्मी उभी राहिली आणि बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत बोलली. घरी म्हणायची तसं ‘अक्का’च म्हणाली.

“अक्का, समुद्राकाठी आमचीही तळी आहेत. अप्पांनी मला दाखवायला नेलं. तिथल्या बायका लांबून पाणी आणतात. मी अप्पांना विचारलं, तर म्हणाले, वाईटच होतंय.”

“मग तसंच लिही. मालकाला वाईट वाटलं.”

“वाईट वाटलं त्यांस. तरी तळी आहेत.”

चंद्रमतीनं तिला बसायला सांगितलं. मुली कुजबुजत होत्या. तिनं फळ्यावर व्याकरणाची वाक्यं लिहायला घेतली.

संध्याकाळी ती वेंकटरावांकडे गेली. त्यांची बायको जयलक्ष्मी कॉफी ठेवून आत गेली. वेंकटराव रागावले नव्हते. उलट मुलींनी काय काय लिहिलं ते त्यांनी विचारून घेतलं. तळी दूर नेली तर पुढच्या गावच्या विहिरी जातील, ते म्हणाले. पाण्याचा टँकर त्यांनी धाडला होता, पण भागीदारांनी बंद करवला. आणि खाणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना विहीर दिसतच नाही. आता देश खुला झाला होता, सरकारच उत्तेजन देत होतं. ते स्वतः बाजूला झाले तर त्यांचा वाटा घ्यायला माणसं तयार होती.

“तुमच्या गोष्टीत मालक काय करतो, अक्का?” त्यांनी मनापासून विचारलं.

चंद्रमतीनं शेवट रचलाच नव्हता. मुलींना काही सुचेल, या भरवशावर ती होती. तसं तिनं सांगितलं. वेंकटरावांनी मान हलवली आणि घरच्यांची चौकशी केली.

पुढच्या सत्रात नीतिशिक्षणाच्या जागी कॉम्प्युटरचा तास आला. तिला कुणी बोल लावला नाही. श्रीलक्ष्मीला मद्रासला वसतिगृहात ठेवलं. जाण्याआधी ती भेटायला आली नाही.

मग तळ्यांत रोग शिरला. कोळंबी मरून तरंगली, भागीदार पांगले आणि वेंकटरावांनी दुसरा धंदा बघितला. चंद्रमतीला वाटलं, चला, सुटलं गाव. सुट्टीत ती बस धरून तिकडे गेली. तळी कोरडी पडली होती, तळाशी मिठाचा पांढरा थर होता. मधल्या जमिनीत काहीच उगवलेलं नव्हतं. विहिरीवर दोर नव्हता, रहाटही कुणीतरी काढून नेला होता.

डोक्यावर घागर घेतलेली एक बाई लांबून येत होती. चंद्रमतीपाशी थांबून तिनं तमिळमध्ये विचारलं, सरकारकडून आलात का?

“नाही. मी शाळेत शिकवते.”

बाईनं घागर सावरली आणि ती चालू लागली. परतीच्या बसला अवकाश होता. सावली कुठंच नव्हती, म्हणून चंद्रमती तळ्याच्या बांधावर उन्हातच बसून राहिली.