कोऱ्या कॅसेटी

"समोर बसून बोलले असते तर रडूच आलं असतं, म्हणून असं. एवढंच सांगायचं होतं," मशीन म्हणालं. बाईच्या आवाजात.

कोणीतरी किंचाळलं आणि आमचा अख्खा वर्ग दाराकडे पळाला. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून यायची सक्ती होती, त्यामुळे दारात ही तारांबळ. माझी मैत्रीण चिमणी पळायच्या ऐवजी टेबलाखाली शिरली. मी जागची हलले नाही. मी फार धीट होते असं नाही, पण कितीतरी दिवसांनी माझा नंबर लागला होता. भूत येवो नाहीतर हेडमास्तर, ती खुर्ची मी कशाला सोडतेय!

शाळेत कॉम्प्युटर एकच. त्याला धूळ चालत नाही म्हणून खिडक्यांना काळे पडदे, आणि त्या अंधारात हिरवी अक्षरं. शिकवायला रंधा सर. खरं तर ते सुतारकामाचे मास्तर. तो विषय बंद झाला, त्यांना चार दिवस कुठल्याशा ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आले ते कॉम्प्युटरचे सर होऊन. नाव मात्र रंधा ते रंधाच.

बंद केलं की मशीन सगळं विसरायचं. म्हणून आमचे प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवर, गाण्याच्या कॅसेटवर साठवायचे. शाळेनं मशीन दिलं, कॅसेटी काही दिल्या नाहीत. मग सरांनीच घरचं कपाट उपसून, ज्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं अशा कोऱ्या कॅसेटी आणल्या होत्या.

त्या दिवशी माझा प्रोग्राम काही केल्या मशीनमध्ये चढेना. अशा वेळी सर टेपची मशीनकडे जाणारी वायर उपटून भरलेल्या प्रोग्रामचा आवाज ऐकायचे, तो किंकाळीसारखा यायचा. किंकाळी एकसारखी असली की प्रोग्राम धड, तुटक असली की गेला कामातून. माझी किंकाळी छान एकसारखी होती. ती संपली आणि ही बाई बोलली.

टेप चालूच होती. आत दार वाजलं. "आले, आले!" बाई म्हणाली. पावलं लांब गेली, कडी निघाली.

"किती वेळ गं! किल्ली विसरलो मी," एक पुरुष म्हणाला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज मी ओळखत होते. त्या आवाजाचा माणूस हातात वायर धरून माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते.

"काय करत होतीस?"

"कुठं काय. काही नाही." मग खट् आणि नुसती खरखर.

"सर, कोण आहे ती?" टेबलाखालून चिमणी रडवेली होऊन म्हणाली.

"आमच्याच घरची आहे. घाबरू नकोस," सर म्हणाले. त्यांची बायको आदल्या वर्षी आजारपणात गेली, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी टेप मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा किंकाळी, पुन्हा तेवढंच. "ही असं काही बोलून ठेवत होती, मला माहीतच नव्हतं गं." मग मला विचारलं, "याच्या आधी काय आहे?"

"माझा प्रोग्राम."

"त्याच्या आधी?"

"चिमणीचा. त्याच्या आधी पहिल्या बाकाचे. पार सुरुवातीपर्यंत आमचेच आहेत, सर."

"आणि तुमच्या खाली?"

मला पटकन कळलं ते काय विचारतायत. "खाली काही राहत नाही, सर. नवं भरलं की जुनं जातं. तुम्हीच शिकवलंत."

"हो. मीच शिकवलं," सर म्हणाले. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी कॅसेटच्या कडेचे दोन्ही खिट्टे मोडले. आता तिच्यावर दुसरं काही भरता येणार नव्हतं.

शाळेत मग काय, मशीनमध्ये बाई राहते म्हणून बोंब झाली. मोठी दांडगी मुलंसुद्धा त्या दारावरून पळत जायची.

परीक्षेच्या आधी एका दुपारी, शाळा सुटल्यावर, मला मशीनचा आवाज आला. दार लोटून पाहिलं तर सर एकटेच बसलेले. आमची ती कॅसेट सुरुवातीपासून लावून एकेक प्रोग्राम चालवत होते. कुणाचे पाढे, कुणाचं चांदण्यांचं झाड. सगळं मन लावून बघत होते, त्यात काही सापडेल असं वाटत असावं. मग चिमणीचा आला. चिमणीनं मशीनला गप्पा मारायला शिकवलं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, आणि काहीही लिहिलं तरी मशीन म्हणायचं, "बरं. पुढे बोला."

सरांनी एका बोटानं लिहिलं, "काय सांगायचं होतं?"

"बरं. पुढे बोला."

"हिला दुसरं काही येत नाही का गं?" सरांनी मागे न बघताच विचारलं. मी आल्याचं त्यांना कळलं होतं तर!

"नाही सर. चिमणीनं तेवढंच शिकवलंय."

"असू दे. ये, बस. तू लिही, माझं बोट चुकतं." त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टूल ओढून मशीनच्या काचेच्या अगदी जवळ बसले.

"काय लिहू?"

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि त्यांना एकटं टाकून जाववतही नव्हतं.

"लिही," ते म्हणाले, "त्या दिवशी मी किल्ली विसरलो नसतो, तर मी आत कधी आलो ते तुला कळलंच नसतं. मी मागे उभा राहून सगळं ऐकलं असतं."

मी एकेक अक्षर शोधत लिहिलं. काळ्या काचेवर हिरवी ओळ उमटली. "बरं. पुढे बोला."

सरांनी स्टूल आणखी पुढे सरकवलं आणि ते हळू आवाजात बोलायला लागले. माझ्याशी नाही. मी नुसती लिहीत राहिले.